धोक्याचा दिवा घेण्याआधी

आमच्याकडे दिवा घ्यायला आलेल्या दहातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: "याचे ल्युमेन किती?" टॉर्च घेताना तो विचारणं ठीक आहे, कारण टॉर्चच्या उजेडात आपल्याला बघायचं असतं. बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायच्या दिव्याचं काम निराळं. तो दुसऱ्या कुणाला तरी लांबून दिसायला हवा, आणि पुढे काहीतरी अडलंय हे त्याला वेळेत कळायला हवं.

ही 'वेळ' किती असते, त्याचा हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. काहीतरी दिसलं, ते ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, यात सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ३०-४० मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला पन्नासेक मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणून दिवा दीडशे-दोनशे मीटरवरून नुसता दिसून भागत नाही, तिथून तो धोक्याचा दिवा म्हणून ओळखूही यावा लागतो.

खोक्यावरचे आकडे

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघणारा प्रकाश. एका ठरावीक दिशेला तो किती जोरात जातो, हे कँडेलात मोजतात. येणाऱ्या चालकाचा संबंध त्याच्या दिशेने येणाऱ्या प्रकाशाशीच असतो. ल्युमेन भरपूर, पण सगळा प्रकाश आकाशाकडे, असे दिवे आम्ही पाहिले आहेत. जमिनीवर चपटा बसणारा दिवा घेणार असाल, तर त्याच्या कडेच्या एलईडी बघा.

'दहा तास चालतो' हेही जरा थांबून वाचा. टॉर्चसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफएल-१ मानकात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ मोजतात. त्यातले शेवटचे काही तास दिवा अगदीच मिणमिणता असू शकतो. '१ किलोमीटरवरून दिसतो' हे काळोख्या, स्वच्छ रात्री बहुधा खरंच असतं, कारण तेव्हा साधी छोटी एलईडीही लांबवर दिसते. पण पाऊस आणि समोरून येणारे हेडलाइट असले की ते गणित बदलतं. आणि भर उन्हात बहुतेक एलईडी दिवे फिके पडतात, हे विकणाऱ्यानेच सांगितलेलं बरं. त्यामुळे परावर्तक त्रिकोण डिकीतून काढून टाकू नका. त्याला सेल लागत नाही.

जळणारे फ्लेअर, म्हणजे रस्त्यावर पेटवून ठेवायच्या कांड्या, कधी कधी एलईडी दिव्यांहून झगझगीत दिसतात, हे मान्य. पण ते साधारण १५ ते ३० मिनिटांत विझतात आणि धूर करतात. सांडलेल्या पेट्रोलजवळ किंवा वाळल्या गवतात तर ते पेटवायचेच नाहीत. अपघाताच्या जागी नेमकं हेच आसपास असतं.

उघडझाप आणि रंग

दुकानात सगळ्यांना वेगवान स्ट्रोब आवडतो. आम्हाला तो रस्त्यासाठी पटत नाही. सेकंदाला आठ-दहा वेळा लपलपणाऱ्या दिव्याचं अंतर डोळ्याला धड कळत नाही, जवळ आल्यावर डोळे दिपतात, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लपलपाट काही अपस्माराच्या रुग्णांना त्रासदायक ठरू शकतो. गाड्यांचे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करतात. डोळ्याला ती लय ओळखीची आहे, तीच घ्या. उघडझाप न करणारा एकटा लाल दिवा मात्र फसवा. मागून येणाऱ्याला तो पुढे चाललेल्या गाडीचा टेललाइट वाटू शकतो.

लाल किंवा पिवळा, दोन्ही चालतात. निळा घेऊ नका, अनेक देशांत तो पोलीस आणि रुग्णवाहिकांसाठी राखीव आहे. पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो असं बरेच जण म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात.

चुंबक आणि पाणी

बुडाला चुंबक असलेला दिवा खिडकीतून हात बाहेर काढून टपावर ठेवता येतो, रस्त्यावर उतरावं लागत नाही. स्पेनने याच कारणासाठी १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी असा टपावरचा दिवा सक्तीचा केला. पण चुंबक फक्त लोखंडाला चिकटतो. आमच्याच गाडीचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे हे आम्हाला त्यावर ठेवलेला दिवा घरंगळून नाल्यात गेल्यावर कळलं. घेण्याआधी आपल्या गाडीचा टप घरातल्या एखाद्या चुंबकाने तपासा.

धूळ-पाणी किती रोखलं जातं हे सांगणाऱ्या खोक्यावरच्या 'आयपी ६७' मधला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी असतो: १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी, तिचा आकडा ५ किंवा ६. आणि हे सगळं नव्या दिव्याचं. झाकणाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण बसला तरी पाणी आत शिरतं.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी

एसओएसचा, म्हणजे मदतीच्या हाकेचा, मोड रस्त्यावर लावू नका. वेगात येणाऱ्या चालकाला तीन लहान, तीन लांब, तीन लहान मोजायला सवड नसते. मोकळ्या रानात त्याचा उपयोग आहे. पण डोंगरातली जुनी खूण याहून सोपी: मिनिटाला ६ वेळा प्रकाश, मग एक मिनिट थांबा, पुन्हा ६. उत्तर मिनिटाला ३ वेळा येतं. हे कुठल्याही टॉर्चने, हाताने झाकून-उघडूनही जमतं. बटण हातमोजे घालून दाबून बघा, आणि सॅकमध्ये ते आपोआप दाबलं जाणार नाही ना, तेही.

सेल

परत येणाऱ्या दिव्यांपैकी बहुतेकांत दिवा बिघडलेला नसतोच. मागचं झाकण उघडलं की स्प्रिंगवर पांढरी, भुरभुरीत बुरशी चढल्यासारखी दिसते, सेल नळीत घट्ट रुतून बसलेला असतो आणि ओढला तर त्याचं वेष्टन तेवढं हातात येतं. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षं पडून राहिले की गळतात. ती पूड त्वचेला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. पुन्हा चार्ज न होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि कडाक्याच्या थंडीतही चालतात. गाडीत ठेवायच्या दिव्याला आम्ही तेच सुचवतो. चार्जिंगचा दिवा हवाच असेल तर तो उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका, सीटखाली ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा.

सेल घातल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून दिव्याच्या बुडाला लावा. आमच्याकडून नेलेल्या दिव्यावर ती आम्हीच लावून देतो. जुना दिवा घेऊन आलात तर झाकणाचं रबरी कडं तपासून, लागलंच तर बदलून देऊ.