'स्ट्राँग' चहा आणि 'पॉवरफुल' मोटार

इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. मोटार 'पॉवरफुल' असते, 'स्ट्राँग' नसते. आणि युक्तिवाद मात्र दोन्ही असू शकतो. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर या दोन्ही शब्दांपुढे 'बलवान', 'प्रबळ', 'जोरदार' असे जवळजवळ तेच प्रतिशब्द सापडतात. मग चहाने त्यांतला एकच का निवडला? ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये हे उदाहरण चर्चेत आणले. त्याचे उत्तर शब्दाच्या व्याख्येत शोधून मिळत नाही, ते त्या शब्दाच्या संगतीत मिळते.

संगतीचा हा विचार हॅलिडे यांचे गुरू जॉन रुपर्ट फर्थ यांचा. १९१९ ते १९२८ या काळात ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे लंडनमध्ये त्यांनी भाषाशास्त्राची एक परंपराच उभी केली. शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असे त्यांनी १९५७ मध्ये लिहिले. त्या काळी हे केवळ एक मार्मिक निरीक्षण होते. ते मोजता येऊ लागले ते संगणकामुळे. १९६१ मध्ये छापल्या गेलेल्या मजकुरातून अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात. १९९० च्या दशकात पूर्ण झालेला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस तर दहा कोटी शब्दांचा आहे.

मोजणीमागची कल्पना सोपी आहे. समजा, दहा लाख शब्दांच्या संग्रहात एक शब्द १०० वेळा आणि दुसरा १,००० वेळा आला आहे. सारे शब्द चिठ्ठ्यांसारखे कालवून पुन्हा ओळीत मांडले, तर पहिल्यापाठोपाठ लगेच दुसरा येण्याचे प्रसंग सरासरीने ०.१ भरतील, म्हणजे जवळजवळ नाहीतच. प्रत्यक्षात ही जोडी २० वेळा सापडली, तर ती अपेक्षेच्या दोनशेपट आहे आणि तिला योगायोग म्हणता येणार नाही. 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' या दोघांच्या सोबत्यांच्या अशा याद्या शेजारी ठेवल्या की त्यांच्यातील फरक डोळ्यांना दिसू लागतो.

या पद्धतीने हाती आलेला, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा शोध 'कॉज' या क्रियापदाबद्दलचा आहे. शब्दकोशातील त्याचा अर्थ 'कारण होणे' किंवा 'घडवून आणणे' इतका निर्विकार आहे; पण भाषाशास्त्रज्ञ मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये त्याचे सोबती तपासले, तेव्हा त्यात प्रामुख्याने अपघात, नुकसान, आजार, मृत्यू, काळजी आणि अडचणी यांचीच गर्दी आढळली. त्याआधी बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांना 'सेट इन' या क्रियापदाबाबत असेच दिसले होते: सुरू होते ते बहुधा काहीतरी नकोसे, जसे की कुजणे, संसर्ग किंवा वाईट हवामान. बिल लाऊ यांनी १९९३ मध्ये 'अटरली' (म्हणजे 'पूर्णपणे') या शब्दाची अशीच कुसंगत दाखवून दिली आणि या गुणधर्माला 'सिमँटिक प्रॉसडी' हे नाव रूढ केले. वारंवार ज्यांच्यासोबत वावरावे त्यांचा रंग शब्दाला लागतो, असा त्याचा आशय. विशेष म्हणजे इंग्रजी मातृभाषा असणारी माणसेही हा रंग नेमका पाळतात. त्याविषयी विचारले तर मात्र बहुतेकांना काही सांगता येत नाही.

मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते, कारण आपला '-मुळे' खरोखरच निर्विकार आहे. पावसामुळे पीक तरारते आणि पावसामुळेच पीक बुडतेही. या सवयीने आपण 'शिक्षकांमुळे मला यश मिळाले' हे वाक्य 'कॉज' वापरून इंग्रजीत लिहितो. व्याकरण चुकत नाही, पण यश जणू शिक्षकांच्या हातून घडलेला एखादा अपघात असावा, असा सूर त्यात उमटतो.

काही वेळा फरक संगतीचा नसतो, तर वस्तुस्थिती कोणत्या रेषेवर कापायची याचा असतो. आपली 'सावली' इंग्रजीत दोन शब्दांत विभागली जाते. ज्यात बसून उन्हापासून आसरा घेता येतो ती 'शेड', आणि जिला त्या वस्तूचा आकार असतो, जी भिंतीवर पडते, आपल्यासोबत चालते, ती 'शॅडो'. 'बिग' आणि 'लार्ज' ही जोडी आणखी फसवी आहे: घर दोन्ही असू शकते, पण 'बिग सिस्टर' म्हणजे थोरली बहीण आणि 'लार्ज सिस्टर' म्हटले तर तो तिच्या अंगलटीवरचा शेरा ठरतो. शाळेत समानार्थी शब्दांच्या जोड्या वाक्यांवाचून पाठ करून घेतल्या जातात, तेव्हा नेमके हेच ज्ञान गळून जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

इंग्रजीत अशा जोड्या इतक्या कशा, याचे एक मोठे कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आल्यावर जुन्या शब्दांवर फ्रेंच आणि पुढे लॅटिन शब्दांचे थर चढले. साधे विचारणे ते 'आस्क', अधिकाराने किंवा शंकेने विचारणे ते 'क्वेश्चन', आणि पोलीस कोठडीत होते ते 'इंटरॉगेट'. मराठीतही नळाला पाणी येते आणि धरणांचे सरकारी खाते मात्र संस्कृत शब्दांनी 'जलसंपदा' असते.

तरीही संगतीच्या मोजणीला एक मर्यादा आहे. २०१३ पासून गाजलेल्या 'वर्ड टू व्हेक' सारख्या संगणकीय पद्धती प्रत्येक शब्दाला त्याच्या सोबत्यांवरून आकड्यांच्या अवकाशात एक जागा देतात. त्या अवकाशात समानार्थी शब्द जवळ येतात, पण विरुद्धार्थी शब्दही तितकेच जवळ येऊन बसतात. कारण चहा 'स्ट्राँग' असतो तसा 'वीक'ही असतो, आणि युक्तिवादाचेही तसेच. दोघांची संगत एकच, अर्थ मात्र उलट. यावर एक धागा १९९१ मध्येच हाती आला होता. जस्टेसन आणि कॅट्झ या संशोधकांना ब्राउन कॉर्पसमध्ये असे आढळले की विरुद्धार्थी विशेषणे एकाच वाक्यात येण्याचे प्रमाण योगायोगाने अपेक्षित असते त्याहून बरेच अधिक असते. लहान असो वा मोठे, कच्चे असो वा पिकलेले, अशी वाक्यरचना आपणही सहज करतो. 'स्ट्राँग असो वा पॉवरफुल' असे मात्र कोणी सहसा म्हणत नाही.