साठी झाली म्हणून एसटी फुकट होत नाही हो!

दर दोन-तीन महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो, "साठ वर्षांवरील सर्वांना एसटी मोफत, जास्तीत जास्त शेअर करा". आमच्या काकांनी तो मनावर घेतला, वय ६८, कंडक्टरपुढे आधार कार्ड धरून बसले आणि त्यानं हातात अर्धं तिकीट दिल्यावर वाद घालायला लागले. कंडक्टर बिचारा जन्मसालावर बोट ठेवून दाखवतोय, काका मोबाईल दाखवतायत, मागची अख्खी रांग खोळंबलेली!

तर खरं काय ते सांगतो. मोफत आहे ते ७५ पूर्ण झालेल्यांना, २६ ऑगस्ट २०२२ पासून, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. ६५ ते ७५ वाल्यांना ५० टक्के सवलत. साठीला काहीच नाही, पण बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ६२ च्या आत्याला हाफ लागलं की लोकांना वाटतं ज्येष्ठ म्हणूनच लागलं, गोंधळ बहुतेक इथूनच होतो.

आणि मोफत म्हणजे तिकीटच नाही असं नाही, शून्य रुपयांचं तिकीट मिळतं ते घ्यायचं. गाडी गोव्याला जात असेल तर फुकट फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढचे पैसे पडतात. दिव्यांगांचंही तेच, "सगळं फ्री" नाही, साध्या गाडीत ७५ टक्के सवलत.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० मध्येच बंद झाली, तिचा फॉरवर्ड वेगळा फिरतो.