परक्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबजीवनाचे छायाचित्रण

आपले नसलेल्या शहरात जाऊन तिथल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचे रोजचे घरगुती जीवन छायाचित्रांत टिपण्याची पद्धत. माहितीपर छायाचित्रणाची ही शाखा असून वृत्तछायाचित्रण, व्यक्तिचित्रण आणि समाजशास्त्रीय पाहणी या तिन्हींची तिच्यात सरमिसळ झालेली दिसते. सणसमारंभ, प्रेक्षणीय स्थळे, आपत्ती यांच्याशी तिला देणेघेणे नाही. शाळेची सकाळची घाई, इस्त्री, खरकटी भांडी, गृहपाठावरून चाललेली वादावादी, महिनाअखेरचा हिशेब, टीव्हीसमोर लागलेली डुलकी हे तिचे विषय.

छायाचित्रणाच्या इतिहासात मध्यमवर्ग बराच काळ कॅमेऱ्याच्या बाहेर राहिला. त्याचे जगणे रटाळ असते म्हणून, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. गरिबाचे बरेचसे आयुष्य उघड्यावर जाते आणि कॅमेरा घेऊन आलेल्या परक्याला हाकलण्याची त्याची ताकद नसते. श्रीमंत माणूस छायाचित्रकाराला स्वतः बोलावतो आणि कसे दिसायचे तेही ठरवतो. मध्यमवर्गीय घराला मात्र नीट बंद होणारे दार असते, दाराला बेल असते आणि घरच्यांना ‘नको’ म्हणण्याइतकी पत असते. शिवाय त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा असतो. कोडॅकचा ‘ब्राउनी’ १९०० मध्ये बाजारात आल्यापासून घरातले फोटो घरच्यांनीच काढायची चाल पडली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या फोटोंचे काम नेमके ओळखले होते: कुटुंबाच्या आयुष्यातले मोठे क्षण साजरे करणे आणि आपण एक आहोत हे स्वतःलाच पटवून देणे. साहजिकच अल्बममध्ये लग्न असते, बारसे असते, सहल असते. मंगळवारची संध्याकाळ नसते. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला काही काम उरत असेल, तर ते या मंगळवारचे.

या पद्धतीचा आरंभ एका तारखेला बांधता येत नाही. छायाचित्रकार बिल ब्रांट हे जन्माने हॅम्बुर्गचे. १९३०च्या दशकात ते लंडनला स्थायिक झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे इंग्रजांच्या घरगुती जीवनावरचे पुस्तक निघाले. त्यात खाणकामगारांपासून मेफेअरमधल्या बड्या घरांपर्यंत सगळे थर समोरासमोर मांडलेले आहेत. आत शिरण्याचा प्रश्न त्यांनी नातलगांच्या मदतीने सोडवला. लंडनमधल्या काकांच्या घरी त्यांनी कॅमेरा लावला, घरातली मोलकरीणही त्यांच्या चित्रांत आली आणि काही प्रसंगांत ओळखीच्यांना चक्क उभे करून भूमिका दिल्या. पुढे ब्रांट आपले जर्मन मूळ लपवत आणि जन्म लंडनचाच असल्याचे सांगत. परकेपणाचा एवढा फायदा घेतलेल्या माणसाने तो असा झाकावा, ही गंमतच म्हणायची.

उलट दिशेचे उदाहरण १९३१चे. मॉस्कोतल्या फिलिपोव नावाच्या कामगार कुटुंबाचे चोवीस तास माक्स आल्पेर्ट, अर्कादी शाइखेत आणि सोलोमोन तुलेस या सोव्हिएट छायाचित्रकारांनी टिपले आणि ती मालिका बर्लिनहून निघणाऱ्या ‘ए-आय-झेड’ या सचित्र साप्ताहिकात छापून आली. छायाचित्रकार गावातलेच, प्रेक्षक मात्र परके. कुटुंब निवडून घेतलेले आहे, सामान्य मॉस्कोकराची राहणी अशी नसते, हा आक्षेप लगेच निघाला. त्याच वर्षी साप्ताहिकाने बर्लिनमधल्या एका कामगार कुटुंबाची मालिका त्याच्या शेजारी उभी केली. ‘नमुन्याचे कुटुंब’ दाखवायला गेले की नमुना कोणी निवडला हा प्रश्न पाठोपाठ येतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. नंतरच्या अनेकांनी तरीही तोच रस्ता धरला.

युद्धानंतर या कल्पनेला मासिकांनी पैसा पुरवला. छायाचित्रकार रॉबर्ट कापा आणि संपादक जॉन मॉरिस यांच्या पुढाकाराने ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकन मासिकात १९४८ पासून बारा देशांतल्या बारा कुटुंबांची मालिका आली. कुटुंबे शेतकरी होती. या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. स्वयंपाक, धुणे, अभ्यास, खरेदी अशी ठरावीक कामे प्रत्येक देशात टिपायची आणि छापताना शेजारी शेजारी ठेवायची. या धाग्यातूनच पुढे एडवर्ड स्टाइकेन यांचे ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन उभे राहिले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जानेवारी १९५५ मध्ये ते उघडले; ६८ देशांतली ५०३ चित्रे त्यात होती. आज ते लक्झेंबर्गमधल्या क्लेर्व्होच्या किल्ल्यात कायमचे मांडलेले आहे. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी त्याच्यावर केलेली टीका अजून बोचते: जन्म, काम, मरण सगळीकडे सारखेच असे म्हटले की माणसे वेगवेगळ्या परिस्थितीत का जन्मतात आणि का मरतात हा इतिहास गायब होतो. मध्यमवर्गाच्या बाबतीत ही टीका अधिकच लागू पडते. सोफा, फ्रिज आणि शाळेचे दप्तर जगभर सारखे दिसते. त्यामागचे कर्ज, भाडे आणि नोकरीची भीती दिसत नाही.

छायाचित्रकार पीटर मेन्झेल यांच्या १९९४च्या प्रकल्पाने ‘सामान्य कुटुंब कोणते’ हा तिढा आकडेवारीने सोडवायचा प्रयत्न केला. तीस देशांतून सरासरीच्या जवळचे एकेक कुटुंब निवडले आणि घरातले सगळे सामान दारापुढे मांडून मंडळींना मध्ये उभे केले. चित्रे विलक्षण माहितीपूर्ण आहेत. पण सामान बाहेर काढले की घर उरत नाही, वस्तूंची यादी उरते. माझ्या मते याहून सरस रीत टोमास स्ट्रुट या जर्मन छायाचित्रकाराची. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी जपान, स्कॉटलंड आणि इतरत्र ओळखीपाळखीतल्या कुटुंबांची मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने व्यक्तिचित्रे घेतली. कोणी कुठे बसायचे, कोणाच्या शेजारी उभे राहायचे हे कुटुंबाने ठरवायचे आणि सगळ्यांनी थेट भिंगात पाहायचे, एवढाच शिरस्ता. आई आणि थोरला मुलगा यांच्यात सुटलेली वीतभर जागा अशा चित्रात पानभर मजकुराइतके सांगून जाते. या चित्रांच्या आधी, १९८२ मध्ये, स्ट्रुट यांनी इंगो हार्टमान या मनोविश्लेषकाबरोबर रुग्णांच्या घरातल्या जुन्या कौटुंबिक फोटोंवर काम केले होते. ती नजर इथे उपयोगी पडली.

शहर परके नसले तरी उपयोगी ठरणारी आणखी दोन कामे आहेत. बिल ओवेन्स यांनी कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरमध्ये स्थानिक वृत्तपत्रात नोकरी करताना नव्या वसाहतींतली कुटुंबे टिपली आणि चित्राखाली त्या माणसांचेच शब्द छापले. सोलमध्ये जंग यन-दू यांनी २००१ मध्ये एकाच इमारतीतल्या ३२ कुटुंबांना त्यांच्या दिवाणखान्यात एकाच कोनातून टिपले. सगळ्या घरांचा आराखडा एकच, त्यामुळे जो फरक दिसतो तो त्या कुटुंबाचाच. परक्या शहरात कशाला ‘त्यांची पद्धत’ म्हणावे आणि कशाला ‘या घराची तऱ्हा’, याचा गोंधळ उडतो; तो टाळायला अशी तुलना फार कामाची.

प्रत्यक्ष कामात पहिला अडसर दाराचा. ओळख निघते ती बहुधा भाड्याच्या खोलीचा मालक, मुलांच्या शाळेतले पालक, भाषेचे शिक्षक किंवा दुभाषा यांच्यामार्फत. दुभाषा घराचा परिचित असला तर दार लवकर उघडते, पण भांडण भाषांतरात गुळगुळीत होऊन येते. पहिल्या भेटीत घर आवरलेले असते, मुलांना धुतलेले कपडे चढवलेले असतात आणि घरातले कर्ते माणूस यजमानाच्या भूमिकेतून बाहेर पडत नाही. या भेटीची चित्रे फारशी उपयोगाची नसतात. त्यासाठीच तर वारंवार जावे लागते. ‘जरा हे धरता का?’ म्हणून कोणी हातात ओल्या कपड्यांची बादली दिली की काम सुरू झाले असे समजावे.

स्वयंपाकघर हे बहुतेक घरांत सर्वांत अरुंद आणि सर्वांत बोलके ठिकाण. तिथे २८ किंवा ३५ मिमीची लेन्स चालते. त्याहून रुंद कोनाची घेतली तर कडेला उभ्या माणसाचे डोके ताणले जाते. खिडकीतला उजेड निळसर, साधारण ५,५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप), आणि दिवा पिवळा, २,७०० केल्विनच्या आसपास. दोन्ही एका चौकटीत आले की चेहऱ्याचे दोन रंग होतात. दिवा घालवायला सांगणे सोपे, पण मग ती त्या घराची संध्याकाळ राहत नाही. फ्लॅश उडवला की सगळ्यांना छायाचित्रकाराची आठवण होते. म्हणून कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता आयएसओ ३,२०० किंवा ६,४०० पर्यंत चढवून चित्रात थोडे दाणे पत्करणे बरे. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे, तर काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथे शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झचा असेल तिथे १/६० किंवा १/१२० सेकंद ठेवल्यास ते बरेच आटोक्यात येतात. जपानमध्ये तर हा आकडा देशातच बदलतो: टोकियोला ५०, ओसाकाला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मन जनित्रे घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकन, त्याचा हा परिणाम.

घरातल्या वस्तूंत फ्रिजच्या दाराइतकी दाट माहिती क्वचितच कुठे मिळते. शाळेचे वेळापत्रक, दंतवैद्याच्या तारखेची चिठ्ठी, न भरलेले बिल, लहान मुलाचे चित्र, खालच्या मजल्यावरच्या कुणाचा नंबर. छायाचित्रकार त्यावर खूश होतो, आणि धोकाही तिथेच असतो. आजच्या कॅमेऱ्याच्या चित्रात तो नंबर, शाळेचे नाव आणि घराचा पत्ता सहज वाचता येतो. चेहऱ्यांची परवानगी घेऊन फ्रिजची न घेणारे पुष्कळ असतात.

कायदा शहरागणिक वेगळा. जर्मनीत १९०७च्या कायद्यानुसार व्यक्तीचे चित्र प्रसारित करायला सर्वसाधारणपणे तिची संमती लागते, आणि २००४ पासून घराच्या आतले खासगी जीवन चोरून टिपणे हा फौजदारी गुन्हा आहे. फ्रान्समध्ये नागरी संहितेचे नववे कलम खासगी जीवनाचे रक्षण करते. हंगेरीच्या २०१४ पासून लागू झालेल्या नागरी संहितेत छापण्यालाच नव्हे, तर फोटो काढण्यालाही संमती अपेक्षित आहे. माँट्रिअलमध्ये इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता छापला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिच्या बाजूने निकाल देत २,००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. याउलट न्यूयॉर्कमध्ये आर्ने स्वेन्सन यांनी समोरच्या काचेच्या इमारतीतली कुटुंबे, मुलांसकट, दूरदर्शी लेन्सने टिपली आणि प्रदर्शनात लावली. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये ते कलेच्या स्वातंत्र्यात बसत असल्याचे मान्य केले, मात्र कृत्य अस्वस्थ करणारे असल्याची नोंदही केली. बेल न वाजवता आत शिरण्याचा हा प्रकार कायद्यात बसला, तरी या पद्धतीत तो कितपत मोडतो याबद्दल शंका आहे: चित्रांतल्या माणसांना आपण चित्रात आहोत हेच ठाऊक नव्हते.

मुलांच्या बाबतीत पालकांची सही पुरेशी मानतात. चार वर्षांच्या वयात आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेले मूल पंधराव्या वर्षी तेच चित्र भिंतीवर पाहून काय म्हणेल, याचा विचार सहीत नसतो. जाणते छायाचित्रकार म्हणून प्रत्येक नव्या प्रदर्शनाआधी कुटुंबाला पुन्हा विचारतात आणि सांगितल्यास चित्र काढून घेतात.

चित्राखालच्या ओळीत या कामाची बरीच पापे दडलेली असतात. ‘एक जपानी कुटुंब’ असे लिहिले की चार माणसांवर अख्ख्या देशाचे ओझे पडते. घरात कमावणारे किती, घर भाड्याचे की कर्जाचे, बसमध्ये रोज किती वेळ जातो, हे लिहिले तर तीच माणसे एका शहरात राहणारी, पगारावर जगणारी माणसे होतात. ओवेन्स यांच्यासारखे त्यांचेच शब्द छापता आले तर उत्तमच. फक्त भाषांतर कोणी केले तेही सांगावे.

पूर्ण परका आणि घरचा यांच्या मधली जागाही असते. भारतीय छायाचित्रकार गौरी गिल यांनी २००० ते २००७ या काळात अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवर काम केले आणि मालिकेला ‘द अमेरिकन्स’ हेच नाव दिले, जे स्विस छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांच्या १९५८च्या पुस्तकाचे होते. फ्रँक यांच्या ८३ चित्रांत रस्ते, मोटारी, खानावळी, मिरवणुका आहेत. मध्यमवर्गीय घराच्या आत ते फारसे गेलेले दिसत नाहीत. गिल यांना ती दारे उघडी होती, कारण आतल्या माणसांशी देश आणि बऱ्याचदा भाषा सामाईक होती. परके होते ते शहर, आणि त्या घरांतल्या अनेकांनाही ते अजून पुरते आपले झालेले नव्हते.