पंप घ्यायला येताना उंची मोजून आणा

"चार फुटी टँक आहे, तीन हजारचा पंप द्या." हे वाक्य आमच्या माशांच्या टँकच्या दुकानात काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. आम्ही लगेच पंप काढून देत नाही. सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) खाली आहे का, स्टँड किती उंच, पाइप कितीचा, असं विचारत बसतो. काही जणांना याचा राग येतो, म्हणून हे पत्रक.

तीन हजारचा म्हणजे ज्याच्या खोक्यावर 'तासाला ३,००० लिटर' असं लिहिलेलं असतं तो. ते पाणी वर न चढवता मोकळ्यावर मिळणारं. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, जास्तीत जास्त हेडचा, म्हणजे पाणी चढवायच्या उंचीच्या मर्यादेचा. समजा, २.५ मीटर. तेवढ्या उंचीला त्या पंपातून थेंबही पडत नाही. खरं तर कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको. नदीवर मोटर बसवताना आपण आधी हेड बघतो, मग एचपी. टँकपाशी आलो की तेवढंच विसरतो.

४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टँकमध्ये काठोकाठ साधारण ४५० लिटर पाणी बसतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं, असा आम्ही हिशोब धरतो. म्हणजे टँकमध्ये प्रत्यक्ष १,८०० ते २,२५० लिटर पडायला हवं. आता उंची बघा. ती सम्पमधल्या पाण्यापासून वरच्या टँकमधल्या पाण्यापर्यंत मोजायची. अडीच फुटी स्टँडवर ती चार फुटांच्या आसपास, म्हणजे १.२ मीटर भरते. तिथं तुमचा तीन हजारचा पंप दीड हजारावर येतो. त्यात अर्धा इंची पाइप आणि चार एल्बो (पाइपची वळणं) घातले की आणखी खाली. याच टँकला ४,००० लिटर आणि ३ मीटर हेडचा पंप, पाऊण किंवा एक इंची पाइपवर, तासाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी देतो. आम्ही मोठा पंप सांगतो तो यासाठी, महाग खपवायला नव्हे.

"पंप खराब निघाला" म्हणून परत आलेले पंप आम्ही गिऱ्हाइकासमोरच पाण्यात लावून दाखवतो. बहुतेक ठणठणीत असतात. घरीसुद्धा बघता येतं. २० लिटरची बादली स्टुलावर टँकच्या पाण्याच्या उंचीला ठेवा, वरचा पाइप तिच्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला २,००० लिटर. सव्वा मिनिट लागलं तर हजाराच्याही आत. तेवढ्या वेळात सम्प रिकामा होऊ देऊ नका, कोरडा चाललेला पंप जळतो आणि तो आम्ही बदलून देत नाही.

म्हणून थेट सहा हजारचा उचलायचा, असंही नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपला तेवढं पाणी खाली उतरवता आलं नाही तर ते काठावरून फरशीवर येतं. शिवाय एंजल, डिस्कस, लांब शेपटीचे गोल्डफिश अशा माशांना जोराची धार सोसत नाही, दिवसभर कोपरा धरून बसतात. पाणी कमी करायचं तर व्हॉल्व्ह डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी पंपातून बाहेर पडतं त्या बाजूला लावा, पाणी ओढणाऱ्या सक्शनला कधीही नको.

कॅनिस्टर फिल्टरवाल्यांना (टँकबाहेरच्या बंद डब्याचा फिल्टर) उंचीची एवढी काळजी नाही. त्याचे दोन्ही पाइप टँकमध्येच असतात, त्यामुळे जाणारं आणि येणारं पाणी एकमेकांना तोलतं. मात्र खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज आणि मीडिया (पाणी गाळायचं साहित्य) भरला की तोही उतरतो.

लाईट गेल्यावरचं बघून ठेवा. वरच्या पाइपचं तोंड पाण्यात तीन इंच बुडालेलं असेल, तर पंप बंद पडताच तेवढं पाणी उलटं ओढलं जाऊन सम्पमध्ये उतरतं. वरच्या मापाच्या टँकमध्ये एक इंच म्हणजे सुमारे १९ लिटर, तीन इंच म्हणजे ५५ च्या वर. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी हवी, नाहीतर पाइपला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडा, म्हणजे त्यातून हवा शिरून ओढ तुटते. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एकट्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, शेवाळ अडकलं की तो नीट मिटत नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एकदा स्वतःच बटण बंद करून बघा. पाण्यात हवा सोडणारा बॅटरीवरचा एअर पंपही घरात असावा. २०१९ च्या महापुरात शहरातल्या कितीतरी भागांत लाईट नव्हती, तेव्हापासून आम्ही तो कायम ठेवतो.

येताना टँकची तिन्ही मापं, वर सांगितलेली उंची आणि पाइपचा फोटो आणा. मोजायला जमत नसेल तर आमचा माणूस घरी येईल. त्याचे पैसे घेतो, पंप इथूनच घेतलात तर बिलातून वजा करतो. ऑनलाइन मागवलेला पंपही मजुरी घेऊन बसवून देऊ, पण हेड कमी पडलं तर त्यावर आमच्याकडे इलाज नाही. माप आमचं, पंप आमचा आणि तरी पाणी कमी आलं, तर पंप बदलून मिळेल. बादली आम्हीच घेऊन येऊ.