रीफरमधलं संत्रं: थंडावा नागपुरातच भरावा लागतो

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडून संत्र्याच्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागतात आणि दरवर्षीची चर्चाही सुरू होते: एवढा माल परदेशी का जात नाही? बांगलादेश आपलं जुनं, मोठं गिऱ्हाईक. पण तिथल्या सरकारने आयात शुल्क वाढवत नेलं आणि ट्रकने होणाऱ्या या व्यापाराला ओहोटी लागली. मग नजर जाते आखाताकडे, युरोपकडे, म्हणजे आठशेएक किलोमीटरवरच्या न्हावाशेवा बंदराकडे. समृद्धी महामार्गाने तो रस्ता सोपा केला आहे. तरी शंका एकच: इतके दिवस समुद्रात फळ टिकेल का?

टिकतं. ५ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली, तर नीट तोडलेलं नागपुरी संत्रं महिनाभर राहू शकतं आणि दुबई तर न्हावाशेवाहून आठवड्याच्या आत येते. माल बिघडतो तो बहुतेक वेळा जहाज सुटण्याच्या आधी. त्याचं बीज रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या कंटेनरबद्दलच्या एका समजुतीत आहे: गरम माल आत भरला, दार लावलं, की झालं थंड.

हिशेबच मांडू. एक किलो संत्र्याचं तापमान एक अंशाने उतरवायला साधारण ३.८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. २० टन माल ३० अंशांवरून ६ अंशांवर आणायचा, तर काढायची उष्णता होते सुमारे १८ लाख किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत ५०० युनिट. रीफरचं यंत्र या तापमानाला ढोबळमानाने १० किलोवॅट उष्णता बाहेर फेकतं. भागाकार केला की ५० तास, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात मधल्या खोक्यांपर्यंत गार हवा सावकाश पोहोचते, बाहेर ऊन असतं, वाटेत ट्रकवरचं डिझेल जनरेटर मध्येच बंद पडतं. दोन दिवसांचे चार-पाच सहज होतात. रीफर आधीच थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी बनवलेला आहे. भिंतींतल्या पॉलियुरेथेन फोममधून झिरपणारी उष्णता आणि फळ स्वतः सोडतं ती उष्णता उपसत राहणं, एवढंच त्याचं मूळ काम.

फळ उष्णता सोडतं, कारण तोडल्यावरही ते जिवंत असतं. साखर आणि आम्लं जाळतं, ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. संत्रं आंब्यासारखं आढीत पिकत नाही. झाडावरून उतरलं तेव्हा जेवढी साखर होती तेवढीच त्याची पुंजी, पुढे फक्त खर्च. म्हणून बाजारात उन्हात ढिगाने पडलेल्या संत्र्याचा एक दिवस थंड खोलीतल्या कित्येक दिवसांएवढा महाग पडतो.

गोठवलेल्या मालाचं तसं नाही. कोळंबी किंवा मटार उणे १८ अंशांना असतात तेव्हा आत श्वासबिस काही चालू नसतो. जिवाणूंची वाढ थांबलेली असते. त्यामुळे गोठवलेली खोकी कंटेनरमध्ये एकमेकांना चिकटवून, गठ्ठा करून रचतात. हवा फक्त त्या गठ्ठ्याभोवती फिरली की पुरे, कारण अडवायची ती बाहेरून येणारी उष्णता. फळांच्या खोक्यांना मात्र वर-खाली भोकं असतात आणि ती एकाखाली एक जुळवून रचावी लागतात, कारण इथे उष्णता मालाच्या पोटातून येते. हमालाने घाईत एक थर तिरपा लावला की मधली उभी वाट बंद.

ही हवेची वाट किती जुनी डोकेदुखी आहे पाहा. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज सुमारे ५ हजार गोठवलेली, कापलेली मेंढरं घेऊन लंडनला निघालं. हवा दाबून, थंड करून, मग फैलावू द्यायची की ती आणखी गार होते, या तत्त्वावरचं बेल-कोलमन यंत्र त्यावर बसवलं होतं. यंत्र चाललं, पण उष्ण कटिबंधात जहाज रेंगाळलं तेव्हा गार हवा मालात सगळीकडे फिरेना. कप्तान व्हिटसन हवेच्या नळात शिरून करवतीने जादा भोकं पाडू लागला आणि थंडीने आतच बेशुद्ध पडला. सोबत्याने पायाला दोर बांधून त्याला ओढून काढलं. ९८ दिवसांनी, २४ मे रोजी जहाज लंडनला लागलं आणि माल जवळजवळ सगळाच शाबूत निघाला.

आजच्या रीफरमध्ये गार हवा जमिनीतून येते. तळाला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून हवा शेवटपर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल रेघ असते. तिच्या वर माल गेला की परतीची वाट तुंबते. तळाचा थोडा भाग उघडा राहिला तरी हवा तिथूनच वर पळते आणि पलीकडची खोकी गरम राहतात. हवेला मेहनत करायची हौस नसते. अशा वेळी तापमान दाखवणाऱ्या फलकावर आकडा बरोबर असतो आणि माल बिघडत असतो, कारण तो फलक हवेचं तापमान सांगतो, फळाच्या गराचं नाही.

त्यातही कुठल्या हवेचं, हे महत्त्वाचं. फळांसाठी यंत्र आत सोडलेल्या हवेवर नियंत्रण ठेवतं, गोठवलेल्या मालासाठी परत आलेल्या हवेवर. मटाराला उणे २२ ची झुळूक लागली म्हणून काही बिघडत नाही. पण परतीच्या हवेवर संत्र्याचा कंटेनर चालवला, तर वरचा माल थंड करण्याच्या नादात यंत्र तळातून इतकी गार हवा सोडेल की खालच्या थराला थंडी बाधेल. अशा संत्र्याचं खोकं उघडलं की सालीवर खोलगट तपकिरी ठिपके दिसतात. बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांत ते आणखी पसरतात, मग त्यातून बुरशी शिरते. नाशिकची द्राक्षं शून्य अंशाला मजेत राहतात, केळ्याला १३ अंशांखाली काळोखी येते, संत्रं या दोघांच्या मध्ये.

उणे १८ हा आकडा मात्र निसर्गाने दिलेला नाही. फॅरनहाइटमध्ये तो शून्य येतो, लक्षात ठेवायला सोपा. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेच्या वेळी काही कंपन्यांनी तो उणे १५ करून वीज वाचवावी असा प्रस्ताव मांडला. तापमान स्थिर राहणं हे आकड्याइतकंच मोलाचं आहे. वर-खाली झालं की बर्फाचे बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर चढतात. नागपूरच्या मे महिन्यात वीज जाऊन-येऊन फ्रीजरमधलं आइस्क्रीम खरखरीत होतं, ते यामुळेच.

संत्र्याला आणखी एक खोड आहे. चकाकीसाठी आणि पाणी उडू नये म्हणून त्यावर मेणाचा थर देतात. थर जाड झाला की फळाचा श्वास कोंडतो, आत अल्कोहोल तयार होतं आणि फोडीला आंबूस वास येतो. कंटेनरची ताजी हवा घेणारी खिडकी बंद राहिली तरी तीच गत. साल सैल असल्यामुळे हाताळणीचं नुकसानही पटकन होतं: ओढून तोडलं तर देठाशी जखम होते आणि हिरवी बुरशी तिथूनच आत जाते. छाटणीच्या कात्रीने तोडायला मजुरी जास्त लागते हे खरं, पण जहाजाचं भाडं त्याहून किती जास्त असतं!

माझ्या मते विदर्भात पैसा आधी पूर्वशीतनावर, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल गार करणाऱ्या खोलीवर लागायला हवा. या खोलीत पंखा खोक्यांच्या भोकांतून गार हवा खेचून काढतो आणि कंटेनरला दिवस लागतात ते काम काही तासांत होतं. नाशिकच्या द्राक्षांनी हे केव्हाच आपलंसं केलं. कंटेनरचं दार लावण्याआधी दोन-चार फळांत सुईचा थर्मामीटर खुपसून गराचं तापमान टिपलं, तर पुढचे अर्धे वाद होणारच नाहीत.

एक अडचण मात्र कुठल्याही खोलीने सुटत नाही. फळमाशी आपल्या हद्दीत येऊ नये म्हणून काही देश आयात होणाऱ्या संत्रावर्गीय फळांना शीत प्रक्रिया सक्तीची करतात: गराचं तापमान १-२ अंशांच्या आसपास, सलग दोन आठवडे किंवा जास्त, आणि फळांत खुपसलेल्या संवेदकांची नोंद पुरावा म्हणून. अळी त्या थंडीत मरते, पण नागपुरी संत्र्याची सालही त्याच थंडीत डागाळते. अशा बाजारांसाठी निदान आज तरी जहाज भरण्याआधी नमुन्याची थोडी खोकी १-२ अंशांना तेवढे दिवस ठेवून, मग बाहेर काढून आठवडाभर पाहावी लागतील. त्यात साल टिकली तरच सौद्याची बोलणी.