फुलपाखराच्या फोटोतलं झाड

बागेच्या कोपऱ्यात मुद्दाम खुळखुळा, रुई, भुरुंडी अशी रानझाडं वाढू द्यायची आणि त्यांच्यावर येणारी फुलपाखरं, माश्या, भुंगे कॅमेऱ्यात टिपायचे, असा छंद असलेली माणसं आता मुंबई-पुण्यातच नाही, तर तालुक्याच्या गावांतही भेटतात. हे नवं वेड वाटतं, पण किड्यासोबत त्याचं झाडही बघायची सवय आपल्याकडे रंगीत फिल्म येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मधल्या काळात ती मागे पडली होती.

१८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार. त्याच संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला अधिकारी. त्याचा जन्म साताऱ्याचा. संस्थेचं जर्नल १८८६ मध्ये सुरू झालं. एटकेन, जेम्स डेव्हिडसन आणि वनखात्यातला टी. आर. बेल या तिघांनी त्या जर्नलमध्ये मुंबई इलाख्यातल्या, विशेषतः कारवार भागातल्या फुलपाखरांवर लिहिलं. जाळ्यात पकडून टाचणीला लावण्याचा तो जमाना होता आणि हेही तेच करत. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. अंडी आणि सुरवंट घरी आणून वाढवायचे, तर त्यांना कुठला पाला लागतो हे कळायलाच हवं. म्हणून त्यांच्या नोंदींत फुलपाखरामागोमाग झाडाचं नाव येतं. पंखांच्या रंगांइतकंच हेही महत्त्वाचं आहे, असं त्यांनी मानलं. माझ्या मते आजच्या देशी फुलांच्या बागेची मुळं तिथे आहेत.

मग जाळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. जीव वाचले, हा मोठाच फायदा. पण फिल्मचा रोल छत्तीस फोटोंचा, फिल्म कमी वेगाची, म्हणजे भरपूर उजेड मागणारी, आणि इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम एक-दोन मिलिमीटरच भाग स्पष्ट येतो. साहजिकच जिथे फुलपाखरू बराच वेळ बसतं तिथेच माणूस ठाण मांडणार: ओढ्याकाठची ओली माती, नाहीतर टणटणी. ही टणटणी, म्हणजेच घाणेरी, मूळची अमेरिकेतली. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि तिथून रानोमाळ पसरली. तिच्यात मकरंद भरपूर, फुलं जवळजवळ वर्षभर, त्यामुळे फोटो छान मिळतात. आपल्या बहुतेक फुलपाखरांच्या सुरवंटांना मात्र तिचा पाला चालत नाही. चौकट पंखांपुरती आवळण्याची रीतही याच काळातली, आणि तिच्यात झाड कापलं गेलं ते गेलंच.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा हिशेब संपवला. २००८ मध्ये आयझॅक किहीमकर यांचं भारतीय फुलपाखरांवरचं सचित्र पुस्तक आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ सुरू झालं, जिथे कुणीही आपला फोटो ठिकाण-तारखेसह नोंदवू शकतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिची मादी अंडी घालते ती माकडलिंबासारख्या लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवर. ‘राणी पाकोळी घरी यावी म्हणून काय लावू?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच फुलझाडापाशी संपत नाही.

देशी झाड जवळून बघण्यात काय मिळतं, याला खुळखुळ्याइतका चांगला दाखला नाही. त्याच्या पिवळ्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारख्या झालेल्या असतात आणि पराग त्यांच्या आत बंद असतो. काळा भुंगा त्यावर उतरला की त्याच्या वजनाने होडी दबते, टोकाच्या भोकातून पराग बाहेर येतो आणि थेट त्याच्या पोटाला लागतो. हलक्या किड्याला हे जमत नाही. हा क्षण टिपायचा तर भुंग्याच्या पाठीवरून नाही, बाजूने, फुलाच्या उंचीवर बसून फोटो घ्यावा लागतो. पुढे झाड सुकायला लागलं की ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर त्याच्या वाळक्या पानांना, शेंगांना चिकटतात. पान ते सोंडेनं ओलं करतात आणि त्यातली अल्कलॉइडं, म्हणजे झाडात तयार होणारी रसायनं, शोषतात. माद्यांना आकर्षित करणारा गंध त्यांना त्यातूनच तयार करता येतो. फूल नाही, मकरंद नाही, तरी डझनभर फुलपाखरं. चौकटीत पान नसेल तर हा फोटो कळणारच नाही.

अलीकडे चांगले छायाचित्रकार फुलपाखराच्या फोटोला जोडून पान, खोड आणि फूल यांचे एक-दोन फोटो घेऊ लागले आहेत. एटकेन-बेल यांच्या वहीतला झाडाचा रकाना असा परत भरू लागला आहे. अडचण आहे ती सोसायट्यांच्या बागांची. पावसाळा संपला की ‘तण’ म्हणून खुळखुळा आणि भुरुंडी मुळासकट उपटली जातात, नेमकी नर जमण्याच्या आधी. माळ्याला सांगून एखादा वाफा डिसेंबरपर्यंत, वाळला तरी, तसाच राहू द्यावा.