न पाहिलेल्याची ओळख

सर्वसामान्यांसाठी इम्युनॉलॉजीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा, ऑनलाइन कोर्स घ्यायचा म्हटलं की पहिल्याच तासाला एक प्रश्न ठरलेला असतो : ‘इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?’ शिकवणाऱ्याने त्यावर वैतागू नये. ज्या शब्दाच्या जोरावर इतक्या गोळ्या आणि पावडरी खपतात, त्यामागे खरंच काय आहे हे समजून घ्यायला कुणी आपणहून स्क्रीनसमोर बसलं आहे, हेच खूप झालं. वैताग येतो तो अशा कोर्सच्या मांडणीचा. पहिला धडा म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या पेशींची हजेरी असते : न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी, बी-पेशी, टी-पेशी आणि त्यांच्या पोटजाती. प्रत्येकीला सैन्यातला एकेक हुद्दा वाटलेला. तिसऱ्या व्हिडिओपर्यंत निम्मे लोक गळतात. उरलेल्यांच्या डोक्यात एवढंच राहतं की आत एक फौज आहे आणि फौज जितकी मोठी तितकं बरं. ‘बूस्टर’ विकणाऱ्यांचं काम आपणच सोपं करून ठेवतो.

माझं मत असं, की सुरुवात एका कोड्यापासून करावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे तेच) प्रयोगशाळेत बनवलेली छोटी छोटी रसायनं प्रथिनांना जोडून सशांना टोचत होते. त्यातली कित्येक निसर्गात कुठेच नव्हती, त्यामुळे सशाच्या कुठल्या पूर्वजाशी त्यांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. तरीही सशांच्या रक्तात त्या रसायनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार झाली. इतकी नेमकी, की रेणूच्या कड्यातल्या एका कार्बनवरचा गट शेजारच्या कार्बनवर सरकवला तरी त्यांना फरक कळायचा.

जी वस्तू जगात नव्हती, तिची तयारी शरीराने केली कधी?

यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे, रेणू आत आला की त्याच्या साच्यावर प्रतिपिंड घडवलं जात असेल. लायनस पाउलिंगसारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने १९४० मध्ये हेच मांडलं होतं आणि ते साफ चुकलं. कोर्समध्ये ही चूक वगळू नये, कारण शिकणाऱ्याच्या मनातही तीच असते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. प्रतिपिंडं आधी तयार असतात, रेणू मागाहून येतो. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये हा विचार स्पष्ट मांडला. एक बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी) आपल्या पृष्ठभागावर एकाच नमुन्याचं प्रतिपिंड बाळगते. अशा कोट्यवधी पेशी अंगात फिरत असतात आणि प्रत्येकीचा नमुना सहसा वेगळा. आलेला रेणू ज्या मोजक्या पेशींच्या नमुन्यात बसतो, त्याच पेशी विभागत सुटतात. पहिल्या संसर्गात बरं व्हायला आठवडाभर का लागतो, याचं एक मोठं कारण हे आहे : मोजक्या पेशींच्या लाखो पेशी व्हायला वेळ जातो. त्यांतल्या काही स्मृतिपेशी म्हणून पुढे वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला काम लवकर उरकतं.

पण मग हिशेब जुळत नाही. प्रतिपिंड हे प्रथिन, प्रथिनाची कृती जनुकात आणि माणसाकडे प्रथिनांची जनुकं जेमतेम २०,००० च्या घरात. कोट्यवधी नमुन्यांच्या कृती ठेवायच्या कुठे?

१९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सुसुमु टोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या भ्रूणाचा डीएनए आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या गाठीतल्या पेशींचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून पाहिला. भ्रूणात प्रतिपिंडाच्या जनुकाचे दोन भाग लांब लांब, वेगवेगळ्या तुकड्यांवर होते. गाठीच्या पेशींत तेच भाग जवळ आलेले. म्हणजे मधला डीएनए कापून टाकलेला होता! ‘शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच’ हे शाळेत घोकलेलं वाक्य बी-पेशींपाशी खोटं ठरतं. टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

ही कापाकापी चालते अस्थिमज्जेत. प्रतिपिंड दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचं बनतं, जड आणि हलकी. जड साखळीसाठी माणसाकडे तीन पेट्यांत चिठ्ठ्या, म्हणजे जनुकाचे तुकडे, ठेवल्या आहेत असं समजा : व्ही पेटीत वापरता येतील अशा सुमारे ४०, डी मध्ये २३, जे मध्ये ६. प्रत्येक पेटीतली एक उचलायची आणि तिन्ही जोडायच्या. ४० गुणिले २३ गुणिले ६ म्हणजे ५,५२० साखळ्या. हलक्या साखळीला डी पेटी नसते, तिथे साधारण ३०० जोड्या होतात. जड आणि हलकी एकत्र आल्या की आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो, आणि तोही दीड-दोनशे तुकड्यांच्या भांडवलावर.

आता जरा किचकट भाग, पण तो गाळवत नाही. कुठे कापायचं हे रॅग-१ आणि रॅग-२ या दोन प्रथिनांना कसं कळतं? प्रत्येक तुकड्याच्या कडेला एक खूण असते : सात अक्षरं, मग मोकळी जागा, मग नऊ अक्षरं. ही मोकळी जागा १२ अक्षरांची असते किंवा २३ अक्षरांची, म्हणजे डीएनएच्या पिळाचे साधारण एक किंवा दोन फेरे. रॅगचा नियम असा, की १२ ची खूण फक्त २३ च्या खुणेशी जोडायची. जड साखळीत व्ही आणि जे, दोघांजवळ २३ ची खूण आहे आणि डीच्या दोन्ही बाजूंना १२ ची. त्यामुळे व्ही थेट जेला चिकटू शकत नाही, मध्ये डी यावाच लागतो. कुणाच्या देखरेखीशिवाय, केवळ अंतराच्या जोरावर क्रम पाळला जातो.

याहून गमतीची गोष्ट सांध्यावर घडते. कापलेली टोकं जोडण्याआधी टीडीटी नावाचं विकर (एन्झाइम) तिथे चार-दोन अक्षरं आपल्या मनाने घुसडतं. समोर कुठलाही नमुना ठेवलेला नसतो, निव्वळ यदृच्छा. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो, त्यामुळे अशा घुसडीने तीनांपैकी साधारण दोन सांधे वाचनाबाहेर जाऊन वाया जातात. मग पेशी दुसऱ्या गुणसूत्रावर प्रयत्न करते आणि तोही फसला तर मरते. एवढी उधळपट्टी करून मिळतं काय? सोळा लाखांचा आकडा कितीतरी पटींनी फुगतो. प्रतिपिंडाचं जे टोक परक्या रेणूला भिडतं, त्याच्या ऐन मध्यावर हा सांधा येतो. लँडस्टायनरच्या सशांनी ती रसायनं ओळखली, त्यात अशा यदृच्छेचा वाटा होता.

टी-पेशी ही पांढऱ्या पेशींची दुसरी जात. तिचे ग्राहक रेणूही (परक्याला ओळखणारे रिसेप्टर) याच पद्धतीने, फक्त छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात. आता एवढं सगळं यदृच्छेवर सोडलं, तर त्यात आपल्याच शरीराला चिकटणारे नमुनेही निघणार. थायमसमध्ये त्यांची चाळणी होते आणि तिथे तयार होणाऱ्या बहुतांश टी-पेशी बाहेर पडण्याआधीच मरतात. तरी काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडलं आणि ते याच पेशींचा कारभार चालवतं हे पुढे स्पष्ट झालं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. हे जनुक बिघडलेल्या बाळांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच आतड्यांवर, त्वचेवर आणि स्वादुपिंडावर तुटून पडते. त्यांची इम्युनिटी कमी नसते, तिला लगाम नसतो.

खऱ्याखुऱ्या ‘बूस्टर’चा प्रयोगही एकदा झाला आहे. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे टी-पेशींना थेट चेतवणारं औषध दिलं गेलं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात होते, एकामागून एक अवयव निकामी होत होते. सगळे वाचले, पण यंत्रणा सरसकट चेतवली की काय होतं ते कळलं. जाहिरातीतल्या पावडरी असलं काही करत नाहीत, हे ग्राहकांचं नशीब.

लस वेगळं काम करते. ती कोट्यवधींतल्या मोजक्या पेशी निवडून वाढवते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. गोवर याच्या बरोबर उलट वागतो. त्याचा विषाणू स्मृती बाळगणाऱ्या पेशींमध्येच शिरतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा इतर रोगांविरुद्ध जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल गोवरातून बरं होतं, पण जुन्या कित्येक जंतूंची ओळख त्याला नव्याने करून घ्यावी लागते.